नाणेफेक आणि पाऊस : हान्स बिन्स्वांगर यांचे जोखीमविषयक ग्रामीण संशोधन

कोरडवाहू प्रदेशातील गरीब शेतकरी नवे बियाणे व रासायनिक खते स्वीकारण्यास का कचरतो, हा प्रश्न १९६० नंतरच्या दशकात भारतीय शेतीच्या अभ्यासकांपुढे मोठ्या निकडीने उभा राहिला. ज्वारीचा पहिला संकरित वाण १९६४ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. त्याच वर्षी थिओडोर शुल्ट्झ यांचा पारंपरिक शेतीच्या परिवर्तनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. गरीब शेतकरी अडाणी नसून आपल्या तुटपुंज्या साधनांचा तो चोख हिशेबाने वापर करतो, असे त्यात प्रतिपादन होते. मायकेल लिप्टन यांनी १९६८ मध्ये त्यास हरकत घेतली. ज्याच्या घरात एका हंगामापुरतेच धान्य आहे तो सरासरी नफ्याचा हिशेब करीत बसत नाही. पीक बुडाले तर काय, हाच त्याचा पहिला विचार असतो, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही मते शेतकऱ्याच्या शहाणपणाचा मान राखणारी होती. परंतु लिप्टन यांच्या विवेचनाचा पुढे एक सोपा व काहीसा धोकादायक अर्थ रूढ झाला, तो असा की गरीब मनुष्य स्वभावतःच जोखीम टाळणारा असतो आणि म्हणूनच तो गरीब राहतो.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हता. शेतकऱ्याच्या मनोवृत्तीत दोष असेल तर प्रचार, प्रात्यक्षिके आणि फार तर विमा हे त्यावरील उपाय ठरतात. दोष मनोवृत्तीत नसून साधनांच्या अभावात असेल, तर पतपुरवठा, बियाणे-खतांचा वेळेवर पुरवठा आणि जमिनीची वाटणी यांकडे वळावे लागते. सरकारी पैसा कोणत्या बाजूस जावा, हे या एका प्रश्नाच्या उत्तरावर बरेचसे अवलंबून होते. त्याचे प्रत्यक्ष मोजमापाने मिळवलेले पहिले भरवशाचे उत्तर सोलापूर, अकोला आणि महबूबनगर या जिल्ह्यांतील सहा खेड्यांतून आले, आणि ते मिळविणारे अर्थशास्त्रज्ञ होते हान्स बिन्स्वांगर.

त्यापूर्वी सिद्धान्ताची तयारी बरीच झाली होती. डॅनियल बर्नुली यांनी १७३८ मध्येच असे दाखविले होते की, द्यूतातील रकमेचे मोल तिच्या आकड्याने ठरत नसून ती ज्याला मिळते त्याच्या सांपत्तिक स्थितीने ठरते. फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये मोजता येणारी जोखीम आणि मोजता न येणारी अनिश्चितता यांत भेद केला. फॉन नॉयमन व मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ च्या ग्रंथात अपेक्षित उपयोगितेच्या कल्पनेस गृहीततत्त्वांची बैठक दिली. जॉन प्रॅट यांनी १९६४ मध्ये व केनेथ ॲरो यांनी १९६५ मध्ये जोखीम टाळण्याच्या वृत्तीचे माप निश्चित केले. संपत्ती वाढली म्हणजे ठराविक रकमेची जोखीम घेण्यास मनुष्य अधिक तयार होतो, हे ॲरो यांचे अनुमान सर्वांस पटण्यासारखे होते. मात्र ज्यांच्याबद्दल हे सारे लागू करावयाचे, त्या गरीब कृषकांवर त्याची कसोटी कोणी घेतली नव्हती. मेक्सिकोत मोस्कार्डी व द झान्व्री यांनी १९७७ मध्ये खतांच्या वापरावरून शेतकऱ्यांची भीती मोजण्याचा यत्न केला. शेतकऱ्याने वापरावयास हवे होते तितके खत न वापरल्यास ती तूट त्याच्या भीतीच्या खात्यावर टाकावयाची, अशी ही पद्धती होती. तिच्यातील उणीव उघड आहे. खत दुकानात आले नसेल, किंवा उधार मिळाले नसेल, तरीही तूट दिसणारच, आणि हिशेबात मात्र शेतकरी भित्रा ठरणार.

बिन्स्वांगर हे मूळचे स्वित्झर्लंडचे. त्यांचा जन्म १९४३ चा. झुरिकच्या तंत्रविद्यापीठात कृषिशास्त्र शिकून ते अमेरिकेत गेले आणि १९७३ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातून त्यांनी अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेतली. व्हर्नन रटन यांच्यासह त्यांनी तंत्रविद्येतील बदलांवर १९७८ मध्ये ग्रंथ सिद्ध केला. महाग झालेले साधन वाचविण्याच्या दिशेनेच नवे तंत्र वळते, असा त्याचा गाभा होता. त्याच वर्षी दक्षिण आशियातील ट्रॅक्टरांविषयीच्या उपलब्ध अभ्यासांची त्यांनी केलेली छाननी प्रसिद्ध झाली. ट्रॅक्टर आला म्हणजे उत्पादन वाढलेच, या सर्वमान्य समजुतीस त्या अभ्यासांत पुरेसा आधार सापडत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. रूढ समजूत आकड्यांपुढे उभी करून पाहावयाची, ही त्यांची सवय येथेच दिसते.

१९७५ मध्ये ते हैदराबादजवळील इक्रिसॅट या संस्थेत आले आणि १९८० पर्यंत तेथे राहिले. निमशुष्क उष्ण प्रदेशातील पिकांच्या संशोधनासाठी ही आंतरराष्ट्रीय संस्था १९७२ मध्ये स्थापन झाली होती. तिच्या अर्थशास्त्र विभागात जेम्स रायन, एन. एस. जोधा आदी मंडळी होती. या विभागाने १९७५ मध्ये सहा खेड्यांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. महबूबनगर जिल्ह्यातील (तो तेव्हा आंध्र प्रदेशात होता, २०१४ पासून तेलंगणात आहे) औरेपल्ली व डोकुर, सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण, आणि अकोला जिल्ह्यातील कानझरा व किनखेड ही ती खेडी होत. प्रत्येक गावातून चाळीस कुटुंबे निवडण्यात आली : दहा भूमिहीन मजुरांची आणि लहान, मध्यम व मोठ्या शेतकऱ्यांची प्रत्येकी दहा. अन्वेषक गावातच मुक्काम करून राहत आणि काही आठवड्यांच्या अंतराने प्रत्येक घरी जाऊन पेरणी, मजुरी, उसनवारी, खरेदी-विक्री यांची नोंद घेत. एकदा जाऊन प्रश्नावली भरून आणण्याच्या पद्धतीशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना या कामाची किंमत निराळी सांगण्याची गरज नाही.

गावांची निवडही विचारपूर्वक केलेली होती. औरेपल्लीची जमीन तांबडी व ओल धरून न ठेवणारी. शिरापूर मोहोळ तालुक्यातील. तेथे काळ्या खोल जमिनीत पावसाळाभर शेत मोकळे ठेवून परतीच्या पावसाच्या ओलीवर रब्बी ज्वारी घेतात. मालदांडी ज्वारीचा प्रसिद्ध वाण ज्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडला गेला, त्याचाच हा परिसर. हस्ताचा पाऊस हुकला की वर्ष हुकले, हे येथील लहान पोरासही ठाऊक असते. मूर्तिजापूर तालुक्यातील कानझऱ्यास मात्र पाऊस बऱ्याच अंशी हमखास, आणि पीक मुख्यतः कापसाचे. जोखमीच्या तीन भिन्न पायऱ्याच जणू समोर मांडल्या होत्या.

बिन्स्वांगर यांनी आरंभी तेव्हाच्या प्रचलित पद्धतीनेच काम केले. ब्राझीलच्या ईशान्य भागात डिलन व स्कँडिझो यांनी वापरलेली मुलाखतीची रीत त्यांनी उचलली. निश्चित उत्पन्न देणारी शेती आणि चांगल्या-वाईट वर्षांत कमीजास्त उत्पन्न देणारी शेती यांपैकी कोणती घ्याल, असे काल्पनिक प्रश्न विचारावयाचे आणि ज्या रकमेपाशी शेतकऱ्यास दोन्ही सारखीच वाटू लागतील ती रकम टिपावयाची. निष्कर्ष हाती आले तेव्हा असे आढळले की, उत्तरे शेतकऱ्यापेक्षा प्रश्न विचारणाऱ्यावरच अधिक अवलंबून आहेत. अन्वेषक बदलला की गावाची वृत्ती बदले. पुढे प्रत्यक्ष पैशाने केलेल्या प्रयोगाशी ही उत्तरे ताडून पाहिली, तेव्हा दोहोंचा मेळ मुळीच बसेना. आपली पहिली पद्धती निरुपयोगी ठरली, हे बिन्स्वांगर यांनी प्रबंधात स्पष्ट शब्दांत छापले. संशोधकाचा हा प्रामाणिकपणा वाटतो तितका सुलभ नसतो, आणि त्यांच्या कार्यातील हा भाग उल्लेखनीय होय.

मग त्यांनी खेळाची योजना केली. भाग घेणाऱ्यापुढे काही पर्याय ठेवावयाचे, त्याने त्यांतील एक निवडावयाचा आणि नंतर नाणे फेकावयाचे. नाण्याची एक बाजू वाईट नशिबाची, दुसरी चांगल्या नशिबाची. जे पडेल त्याप्रमाणे रोख पैसे हातावर. पन्नास रुपयांच्या पायरीवरील पर्याय पाहिले म्हणजे योजनेतील कौशल्य ध्यानात येते. पहिल्या पर्यायात नाणे कसेही पडो, ५० रुपये मिळत. दुसऱ्यात वाईट बाजू पडल्यास ४५ व चांगली पडल्यास ९५. तिसऱ्यात ४० किंवा १२०. पुढे ३० किंवा १५०. त्यानंतर १० किंवा १९०. आणि अखेरच्या पर्यायात शून्य किंवा २००. सरासरी प्राप्ती ५० पासून ७०, ८०, ९० आणि १०० अशी चढत जाते, परंतु तिच्यासाठी वाईट नशिबाच्या वेळी अधिकाधिक सोडावे लागते. शेवटच्या दोन पर्यायांची सरासरी मात्र सारखीच, १०० रुपये. म्हणजे १० व १९० हा पर्याय सोडून शून्य व २०० पत्करणारा मनुष्य जोखमीची पर्वा न करणारा, किंवा तिची आवड असणारा, असेच म्हटले पाहिजे. यांच्या मध्ये दोन पर्याय असेही पेरले होते की ज्यांत सरासरी न वाढता चढउतार तेवढा वाढावा. समजून निवड करणारा ते घेण्याचे कारण नव्हते.

हा खेळ एका बैठकीत उरकलेला नाही. आरंभ अर्ध्या रुपयाच्या पायरीपासून झाला. कित्येक आठवड्यांच्या कालावधीत तो पुनःपुन्हा खेळला गेला, मग रकमा दहापट वाढवून पाच रुपयांच्या पायरीवर, आणि शेवटी पन्नास रुपयांच्या पायरीवर. पाचशे रुपयांची पायरी मात्र केवळ काल्पनिक प्रश्नाच्या रूपाने ठेवली होती. खेळ पटावा, पैसे खरोखर मिळतात याची खात्री व्हावी आणि निवड विचारांती व्हावी, हा या संथपणाचा हेतू. सर्वांत मोठी प्राप्ती अकुशल मजुराच्या महिन्याच्या कमाईहून अधिक होती. श्रीमंत देशांत विद्यार्थ्यांना किरकोळ रकमा देऊन असे प्रयोग होत असत. एवढ्या मोलाच्या रकमेवर खरा प्रयोग करणे त्या देशांत कोणास परवडले नसते. शिरापुरात ते शक्य झाले, कारण तेथे मजुरीच तेवढी अल्प होती. या वस्तुस्थितीत काहीसा विषादही आहे.

निष्कर्षांनी प्रचलित समजुतीस धक्का दिला. रकमा लहान असताना निवडींत पुष्कळ विविधता होती. जोखमीची पर्वा न करणारेही बरेच आढळले. रकमा वाढत गेल्या तसतसे लोक मधल्या पर्यायांकडे सरकले, आणि पन्नास रुपयांच्या पायरीवर जवळजवळ सर्वजण ‘मध्यम’ किंवा ‘साधारण’ सावधगिरीच्या गटात आले. हमखास ५० रुपयांनाच चिकटून बसणारा अतिभित्रा शेतकरी, ज्याची एवढी चर्चा होती, तो क्वचितच सापडला. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की संपत्तीचा परिणाम नगण्य निघाला. श्रीमंत थोडे अधिक धाडसी दिसले खरे, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरण्याइतका नव्हता. शिक्षणाचा थोडा प्रभाव दिसला. आणि मागील फेऱ्यांत ज्यांचे नशीब फळफळले ते पुढील फेरीत अधिक धाडस करताना आढळले. बागायतदार आणि सालगडी, नाण्यापुढे उभे राहिले म्हणजे फारसे निराळे वागत नाहीत, हा याचा सरळ अर्थ.

यावरून बिन्स्वांगर यांनी काढलेले अनुमान असे : गरीब आणि श्रीमंत शेतकऱ्यांच्या वागणुकीत शेतावर जो फरक दिसतो तो त्यांच्या स्वभावातून आलेला नाही. वृत्ती सारखी असूनही एकास कर्ज मिळते, दुसऱ्यास मिळत नाही; एकास बियाणे व खत वेळेवर पोचते, दुसऱ्याच्या वाट्यास उशिराचे येते; एकाचे पीक बुडाले तर तो बँकेत जातो, दुसरा बैल विकतो. त्यांचे हे निष्कर्ष १९७८ मध्ये मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त, आणि अधिक विस्ताराने १९८० मध्ये अमेरिकेच्या कृषि-अर्थशास्त्रीय नियतकालिकात आले. पुढे सिलर्स यांच्यासह १९८३ मध्ये लिहिलेल्या प्रबंधात त्यांनी हा विचार पतपुरवठ्याशी जोडला. फिलिपिन्समधील प्रयोगातही चित्र फारसे वेगळे दिसले नव्हते.

सिद्धान्ताच्या दृष्टीने १९८१ चा ‘इकॉनॉमिक जर्नल’मधील प्रबंध अधिक अडचणीचा होता. अपेक्षित उपयोगितेच्या सिद्धान्ताप्रमाणे मनुष्याने खेळातील प्राप्ती आपल्या एकूण संपत्तीत मिळवून मग निवड करावी, अशी अपेक्षा असते. जमीन, घर, बैलजोडी यांच्या तुलनेत ५० किंवा २०० रुपये म्हणजे थोडीशी भर. एवढ्याने वृत्ती पालटण्याचे कारण नाही. प्रत्यक्षात रकमेच्या पायरीगणिक ती पालटत होती, आणि संपत्तीच्या फरकाने मात्र पालटत नव्हती. म्हणजे खेडूत मनुष्य समोरचा खेळ आपल्या मिळकतीपासून अलग ठेवून पाहत होता. डॅनियल काह्नेमन व एमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये याच प्रकारचा विचार मांडला होता. माणसे अंतिम संपत्तीकडे पाहत नाहीत, आहे त्या स्थितीपासून होणाऱ्या लाभहानीकडे पाहतात, असे त्यांचे म्हणणे. एका बाजूस विद्यापीठातील प्रश्नपत्रिका आणि दुसऱ्या बाजूस दख्खनची खेडी, यांतून एकाच दिशेचे पुरावे निघावेत ही योगायोगाची गोष्ट म्हणून सोडून देता येणार नाही.

या प्रयोगांवर दोन आक्षेप राहतात, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, कोणत्याही पर्यायात पदरचे काही जाण्याचा प्रसंग नव्हता. वाईटात वाईट म्हणजे शून्य. गरिबाच्या खिशातून संशोधनासाठी पैसे काढून घेणे उचित नाही, हे खरेच. परंतु त्यामुळे कर्ज काढून घातलेले खत पाण्याअभावी वाया जाण्याची धास्ती या खेळात येत नाही. मिळालेल्या पैशावरील सावधगिरी आणि घरचे जाण्याची भीती या एकच गोष्टी नव्हेत. दुसरा आक्षेप नाइट यांच्या भेदातून निघतो. नाण्याच्या दोन बाजूंची शक्यता सारखी, हे खेळणाऱ्यास ठाऊक असते. मृग कोरडा जाईल की नाही, याची शक्यता कोणीच सांगू शकत नाही. शिरापूरचा शेतकरी ज्या अनिश्चिततेशी झगडतो ती नाण्याच्या जातीची नाहीच. तेव्हा या प्रयोगांनी स्वभावाचा एक भाग मोजला, सारा नव्हे.

बिन्स्वांगर यांनी पुढे या दुसऱ्या उणिवेकडे वळून पाहिले, असे त्यांच्या नंतरच्या लेखनावरून दिसते. मार्क रोझेन्झ्वाइग यांच्यासह १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात नाणे बाजूस ठेवून त्यांनी पाऊसच हाती घेतला. त्याच खेड्यांच्या नोंदींवरून त्यांनी पाहिले की, मोसमी पाऊस केव्हा सुरू होतो यातील अनिश्चितता वाढली तर शेतकरी आपली गुंतवणूक कशी बदलतात. श्रीमंतांच्या नफ्यावर तिचा परिणाम जवळजवळ शून्य. सर्वांत गरीब चतुर्थांशात मात्र ही अनिश्चितता एका प्रमाण-विचलनाने कमी झाली तर नफा सुमारे ३५ टक्क्यांपर्यंत वाढू शकला असता. गरीब शेतकरी कमी नफ्याची पण सुरक्षित साधने जवळ बाळगतो आणि या सुरक्षिततेची किंमत दरवर्षी मोजतो. येथे पूर्वीच्या निष्कर्षास बाध येत नाही. स्वभाव सारखाच आहे. फटका सोसण्याची ताकद सारखी नाही, म्हणून वागणूक वेगळी.

या सहा खेड्यांच्या नोंदींचा उपयोग इतर अनेकांनी केला, आणि त्यातून ग्रामजीवनाच्या काही परिचित गोष्टी नव्या प्रकाशात आल्या. रोझेन्झ्वाइग व ओडेड स्टार्क यांनी १९८९ मध्ये असे दाखविले की, मुली दूरच्या गावी देण्याच्या चालीमागे जोखीम विभागण्याचा हेतूही असतो. ज्या गावी पाऊस आपल्याबरोबर चुकत नाही तेथले व्याही अडचणीच्या वर्षी उपयोगी पडतात. सोयरीक जुळविताना कोणी पर्जन्यमानाचा तक्ता मांडीत नाही, हे उघडच. पण ‘दोन घरचे पाणी वेगळे असावे’ इतका विचार जुन्या जाणत्यांच्या मनात नसेल असे म्हणवत नाही. रॉबर्ट टाऊनसेंड यांनी १९९४ मध्ये औरेपल्ली, शिरापूर व कानझरा येथील आकड्यांवरून असे मांडले की, कुटुंबाचा खर्च त्याच्या स्वतःच्या उत्पन्नापेक्षा गावाच्या सरासरीबरोबरच अधिक खालीवर होतो. म्हणजे उसनवारी, देवघेव व नातेसंबंध यांतून गावकरी एकमेकांचा विमाच उतरवीत असतात. भूमिहीनांना मात्र या छत्राखाली जागा कमी, ही त्यांनी नोंदविलेली मर्यादा विसरता येत नाही.

महाराष्ट्राच्या धोरणाशी या संशोधनाचा संबंध दोन ठिकाणी येतो. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर यांनी १९७६ पासून पीकविम्याची अशी योजना मांडली होती की, भरपाई वैयक्तिक नुकसानीवर न देता त्या क्षेत्राच्या सरासरी उत्पादनावर द्यावी. १९७९ मधील प्रायोगिक योजना व १९८५ ची सर्वंकष पीकविमा योजना याच तत्त्वावर आधारलेल्या होत्या. इक्रिसॅटमधील टॉमस वॉकर व त्यांचे सहकारी यांनी खेड्यांचे आकडे तपासून १९८६ मध्ये असा प्रश्न विचारला की, कोरडवाहू कुटुंबाच्या उत्पन्नातील अस्थिरता पीकविम्याने कितपत कमी होते? उत्तर फारसे उत्साहवर्धक नव्हते. उलट रोजगार हमी योजनेच्या बाजूने त्यांना पुरावा आढळला. १९७७ चा कायदा १९७९ मध्ये अमलात आला होता, आणि शिरापूर व कानझरा येथील मजूर कुटुंबांचे उत्पन्न, अशी योजना नसलेल्या औरेपल्लीच्या मानाने, बरेच स्थिर राहिले होते. पीक बुडाल्यावर पैसे देणारा विमा ज्याच्याकडे पीक आहे त्याच्यापुरता. खडी फोडण्याचे का होईना, पण काम देणारी योजना ज्याच्याकडे पीकच नाही त्याच्याही उपयोगाची. दांडेकरांच्या योजनेचे तार्किक सौंदर्य मान्य करूनही हा फरक दृष्टीआड करता येत नाही.

बिन्स्वांगर १९८० मध्ये जागतिक बँकेत गेले आणि २००५ पर्यंत तेथे होते. या काळात त्यांचे लक्ष जमीनधारणा, ब्राझीलमधील जंगलतोडीस उत्तेजन देणारी करपद्धती, आणि पुढे आफ्रिकेतील एड्सची साथ यांकडे गेले. त्या कामाचा परामर्श येथे अप्रस्तुत होय. निवृत्तीनंतर ते दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया विद्यापीठात प्राध्यापक म्हणून काम करीत होते आणि बिन्स्वांगर-म्खिझे या नावाने लिहीत असत. भारतीय शेतीचा विषय त्यांनी सोडला नव्हता. शेतीतून बाहेर पडणाऱ्या मनुष्यबळास कारखान्यांत जागा का मिळत नाही आणि खेड्यातील बिगरशेती व्यवसाय त्यांना कसे सामावून घेत आहेत, याविषयीचा त्यांचा लेख २०१३ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तच प्रसिद्ध झाला. तोपर्यंत सहा खेड्यांचा अभ्यासही, १९८५ नंतर पडलेल्या खंडानंतर, २००१ पासून पुन्हा सुरू झाला होता, आणि पहिल्या पाहणीतील कुटुंबांची पुढची पिढी अन्वेषकांच्या वहीत येऊ लागली होती. बिन्स्वांगर यांचे निधन २०१७ मध्ये झाले.